स्टार वॉर्स, पण फक्त कानांसाठी

आज एक विनंती आधीच करते. हेडफोन जवळ असतील तर लावा. माझ्या आवाजासाठी नाही, माझा आवाज फोनच्या स्पीकरवरही तितकाच वाईट येतो. पण मी आज ज्याबद्दल बोलणार आहे ते फोनच्या स्पीकरवर ऐकणं म्हणजे पुरणपोळीचा फोटो चाटण्यासारखं आहे.

आणि हो, ओरिजिनल ट्रॅक मी इथे वाजवू शकत नाही. कॉपीराइटवाले दोन तासांत भाग खाली उतरवतील. त्यामुळे मी ट्रॅकचं नाव सांगणार, तुम्ही पॉज करायचं, तुमच्या अ‍ॅपवर ऐकायचं आणि परत यायचं. जिथे राहवणार नाही तिथे मी गुणगुणेन. सहन करा.

तर आजचा विषय आहे 'स्टार वॉर्स'चं संगीत. सिनेमा नाही, संगीत. मूळ गोष्टीचे नऊ सिनेमे आहेत. पहिला १९७७चा, नववा २०१९चा. बेचाळीस वर्षं. आणि या नऊच्या नऊ सिनेमांना संगीत देणारा माणूस एकच, जॉन विल्यम्स. जन्म १९३२चा. पहिला सिनेमा केला तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा, नववा केला तेव्हा सत्त्याऐंशीचा. दिग्दर्शक बदलले, कंपनी विकली गेली, नट म्हातारे झाले, काही गेले. हा माणूस पियानोसमोर बसून पेन्सिलने कागदावर नोटेशन लिहीत राहिला. हो, पेन्सिलने. कॉम्प्युटर वापरतच नाही. मी ज्या धंद्यात आहे तिथे तीन वर्षांपूर्वी लिहिलेला कोड उघडला तरी लोक नाक मुरडतात, त्यामुळे मला या गोष्टीचं जरा जास्तच कौतुक आहे.

सुरुवात कुठून करायची? सगळे जण त्या पहिल्या कॉर्डपासून करतात. मी त्याच्याही आधीपासून करते, कारण आधीची गोष्ट मला जास्त इंटरेस्टिंग वाटते.

सिनेमा एडिट करताना खरं संगीत तयार नसतं. मग एडिटर आणि दिग्दर्शक जुन्या रेकॉर्ड्समधलं काहीतरी तात्पुरतं लावून बघतात. त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. जॉर्ज लुकसने 'स्टार वॉर्स'वर असंच लावलं होतं. होल्स्टचं 'द प्लॅनेट्स', स्त्राविन्स्की, जुन्या हॉलिवूडमधला कोर्नगोल्ड वगैरे. आणि हे काही नवीन नव्हतं. १९६८मध्ये स्टॅन्ली क्युब्रिकने '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी अ‍ॅलेक्स नॉर्थ नावाच्या संगीतकाराकडून संगीत लिहून घेतलं, आणि शेवटी ते बाजूला ठेवून टेम्प ट्रॅकमधलं क्लासिकलच सिनेमात ठेवलं. सिनेमा गाजला. म्हणजे लुकसच्या डोळ्यांसमोर रेडीमेड वापरून हिट झालेलं उदाहरण होतं. चालून गेलं असतं.

विल्यम्सचं नाव लुकसला सुचवलं स्टीव्हन स्पीलबर्गने. 'जॉज' नुकताच येऊन गेला होता. विल्यम्सचा मुद्दा साधा होता. रेडीमेड तुकडा तुम्हाला एका सीनपुरता मिळेल. पण एक सूर पहिल्या रिळात भेटला, मधे रडला, शेवटी जिंकला, असं करायचं असेल तर तो सूर आपला लागतो. तो मोडता यायला हवा, ताणता यायला हवा.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण मागच्या महिन्यात लंचला माझ्या एका टीममेटशी माझं यावरून चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, आता हे सगळं एका प्रॉम्प्टचं काम आहे. "भव्य ऑर्केस्ट्रा, अंतराळ, वीररस" असं टाइप कर, तीस सेकंदांत मिळतं. आणि मला मान्य आहे, मिळतं. आमच्या एका प्रॉडक्ट व्हिडिओला तसंच लावलंय आणि वाईट वाटत नाही. पण ते मला टेम्प ट्रॅकसारखं वाटतं. त्या दोन मिनिटांपुरतं बरोबर बसतं आणि व्हिडिओ संपला की त्याचं कुणाशी काही नातं उरत नाही. तो म्हणाला, "नातं कोणाला पाहिजे, व्हिडिओ दीड मिनिटाचा आहे." याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, डबाही संपला होता. आजचा भाग म्हणजे ते उत्तर आहे असं समजा. थोडं लांबलंय.

पण आधी एक आक्षेप निकालात काढू, कारण कमेंटमध्ये येणारच आहे. विल्यम्सने चोरी केली का? कोर्नगोल्डचं 'किंग्ज रो' नावाच्या १९४२च्या सिनेमाचं टायटल म्युझिक ऐका. पहिल्या काही सेकंदांत तुम्ही खुर्चीत सरळ बसाल. 'स्टार वॉर्स'च्या टायटलशी साम्य आहे, आणि चांगलंच आहे. होल्स्टचा 'मार्स' ऐका, साम्राज्याच्या जहाजांचा तो ठोका तिथे आहे. वाळवंटातल्या रोबोंच्या सीनमागे स्त्राविन्स्कीची सावली आहे. माझं मत? असू दे. सावली आहे, पण त्या सावलीतून निघून चाल पुढे कुठे जाते ते बघा ना. एकाच रागात शंभर बंदिशी असतात, तिथे आपण पोलिसांना बोलावत नाही.

बरं. आता ती कॉर्ड.

मार्च १९७७. लंडनजवळ डेनहॅमला अ‍ॅनव्हिल स्टुडिओ. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा बसलाय, समोर विल्यम्स स्वतः कंडक्ट करतोय. ट्रम्पेटच्या पहिल्या खुर्चीवर मॉरिस मर्फी नावाचा माणूस, ब्रास बँडमधून वर आलेला. या ऑर्केस्ट्रात मुख्य ट्रम्पेटवादक म्हणून त्याचं हे पहिलंच रेकॉर्डिंग सेशन. नव्या नोकरीचा पहिला दिवस! आपण पहिल्या दिवशी काय करतो? लॅपटॉप मिळत नाही म्हणून बसून राहतो, आयडी कार्डाचा फोटो वाईट आला म्हणून हळहळतो. या माणसाने पहिल्या दिवशी जे वाजवलं ते आजही पृथ्वीवर कुठे ना कुठे चालू असेल.

हार्मोनियमवर बोट ठेवता येत असेल तर या चालीची गंमत कळेल. 'सा'वरून थेट 'प'वर उडी. मग तीन पायऱ्या भरभर खाली, आणि लगेच वरच्या 'सा'वर झेप. म्हणजे चालीतच एक मुलगा आहे, जो पडतो असं वाटतंय तोवर उडी मारून छपरावर जातो. माझे बाबा साताऱ्यात भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांना ऐकवलं तर ते म्हणाले, "बरंय, पण फार ओरडतंय." मग अर्ध्या तासाने आतल्या खोलीतून पेटीवर तीच उडी ऐकू आली. मी काही बोलले नाही.

अजून एक बारीक गोष्ट. सिनेमा सुरू होण्याआधी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचं ते ढोल-तुतारीवालं संगीत वाजायचं, आल्फ्रेड न्यूमन यांचं. त्याची पट्टी बी फ्लॅट मेजर. विल्यम्सने स्वतःचं टायटलही त्याच पट्टीत बांधलं. म्हणजे कंपनीचा लोगो संपतो, मधे शांतता, निळी अक्षरं, आणि मग त्याच घरातून दार उघडल्यासारखी ही कॉर्ड. २०१५पासून, डिस्ने आल्यावर, पुढे ते फॉक्सचं संगीत नसतं. कायदेशीरदृष्ट्या बरोबरच आहे, पण मला अजूनही पहिली पायरी गाळून जिना चढल्यासारखं होतं.

आता माझं खरं आवडतं. पॉज करून ऐकायचंय ते नाव: 'बायनरी सनसेट'.

सीन आठवतोय? ल्यूक, शेतकऱ्याच्या घरातला पोरगा. काका म्हणतात, या हंगामात शिकायला जायचं नाही, पुढच्या वर्षी बघू. तो जेवण अर्धवट टाकून बाहेर येतो आणि क्षितिजाकडे बघत उभा राहतो. तिथे दोन सूर्य मावळतायत. संवाद शून्य. आधी एकटा हॉर्न येतो. खालच्या 'प'वरून 'सा', मग 'रे', मग कोमल गंधार. [गुणगुणते] बस, इतकंच. मग सगळ्या व्हायोलिन्स तीच चाल उचलतात, आणि छातीत काहीतरी हलतं.

ही चाल म्हणजे पुढे ज्याला फोर्स थीम म्हणतात ती. गंमत म्हणजे विल्यम्सने या सीनसाठी आधी वेगळंच लिहिलं होतं. लुकसला ते नको होतं, त्याला हीच चाल हवी होती, म्हणून दुसऱ्यांदा लिहिलं. आधीचं रूप १९९७च्या अल्बमवर आहे, 'अल्टरनेट' असं लिहिलेलं. ते ऐका जरूर. वाईट नाही, जास्त उदास आहे. पण त्यात एवढंच आहे की पोरगा नाराज आहे. दुसऱ्या रूपात आहे की पोरगा नाराज आहे, आणि त्याला अजून माहीत नसलेलं काहीतरी त्याच्याकडे बघतंय.

गाव सोडून शिकायला-नोकरीला बाहेर पडलेल्या कुणालाही हा सीन समजावून सांगावा लागत नाही. एवढंच बोलते आणि पुढे जाते, नाहीतर आपण इथेच बसू.

पण माझ्या टीममेटला जे उत्तर द्यायचंय ते इथून सुरू होतं. २००५चा 'रिव्हेंज ऑफ द सिथ' बघा. शेवटचा सीन. ल्यूक तान्हा आहे, काका-काकूंच्या हातात. तेच दोन सूर्य. तीच चाल. २०१७चा 'द लास्ट जेडाय'. ल्यूक म्हातारा झालाय, एका खडकावर बसलाय, शेवटचे क्षण. पुन्हा दोन सूर्य. पुन्हा ती चाल. २०१९चा शेवटचा सिनेमा, शेवटचा सीन, ल्यूकच्या त्याच जुन्या घरासमोर आता रे उभी आहे. दोन सूर्य, ती चाल. पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिचा अर्थ 'मला जायचंय' असा होता. चौथ्यांदा ऐकताना तुमच्या डोक्यात चार लोक उभे राहतात. सूर तेवढेच आहेत, वाढलंय ते ऐकणाऱ्यात.

या पद्धतीला लाइटमोटिफ म्हणतात, वॅग्नरच्या ऑपेरांमुळे गाजलेली. एका पात्राला किंवा कल्पनेला एक सूर. आपल्याला नवीन नाही, 'शोले'त गब्बर येतो तेव्हा मागे वाजणारा तो अंगावर काटा आणणारा आवाज आठवा. मला इंजिनिअर म्हणून आधी वाटायचं तसं सोपं करून सांगायचा मोह होतो, की हा एक मॅप आहे, पात्र दिलं की सूर मिळतो. पण विल्यम्स स्वतःच तो मॅप मोडतो. पहिल्याच सिनेमात ओबी-वॉन मरतो. त्याची स्वतःची थीम तयार आहे. नियमाप्रमाणे ती वाजायला हवी. वाजतं काय? राजकन्या लेयाची थीम. तिचा त्या क्षणाशी तसा संबंध नाही. विल्यम्सचं म्हणणं, त्या क्षणाला सगळ्यात भरून येणारी, मोठा श्वास असलेली चाल तीच होती. आता सांगा, ही चूक म्हणून बग रिपोर्ट टाकायचा का? मी ऐकते तेव्हा मला ते नियम पाळण्यापेक्षा जास्त बरोबर वाटतं. मेलेल्याची थीम वाजवली असती तर बातमी झाली असती. लेयाची वाजते तेव्हा जे मागे उरलेत त्यांचं नुकसान ऐकू येतं.

आता काळा मुखवटा. 'इम्पीरियल मार्च'.

क्विझमध्ये विचारायला चांगला प्रश्न: १९७७च्या पहिल्या सिनेमात ही चाल किती वेळा वाजते? उत्तर, एकदाही नाही. तिथे डार्थ वेडरला दुसरंच काहीतरी आहे, कुणाच्या लक्षातही राहत नाही. ही चाल आली १९८०मध्ये, 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये. आणि लोकांनी ती आधी सिनेमात नाही तर मैफलीत ऐकली. विल्यम्स बॉस्टन पॉप्स ऑर्केस्ट्राचा नवा कंडक्टर झाला होता, एप्रिलच्या शेवटी त्याने तिथे वाजवली, सिनेमा मे महिन्यात आला.

हिची भीती कशी बांधलीय ते बघा. 'सा, सा, सा', एकाच सुरावर तीन पावलं. मग खाली कोमल धैवत, आणि वर कोमल गंधार. पाया लष्करी. पण खरी करामत खालच्या कॉर्डमध्ये आहे. दोन मायनर कॉर्ड शेजारी शेजारी येतात ज्या एका स्केलमध्ये एकत्र नांदत नाहीत. कान म्हणतो, इथे काहीतरी बरोबर नाही, आणि पाय मात्र ठेका धरतात. हुकूमशाहीचं एवढं नेमकं वर्णन मी नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी साताऱ्याला घरून काम करत होते. संध्याकाळी मी आणि माझा भाऊ हॉलमध्ये हे सिनेमे बघायचो. आईला इंग्रजी सिनेमांत काडीचा रस नाही. ती स्वयंपाकघरात. पण दार उघडं, टीव्ही मोठा. दुसऱ्या सिनेमापासून तिने त्या मार्चला नाव ठेवलं, "त्या काळ्या डब्याचं गाणं". वाजलं की आतून आवाज यायचा, "आला का डबा?" पडद्याकडे न बघता तिला प्रत्येक वेळी बरोबर कळायचं.

मग 'रिटर्न ऑफ द जेडाय'चा शेवट आला. वेडर मरतोय. ल्यूक, त्याचा मुलगा, त्याच्याशेजारी बसलाय. वेडर म्हणतो मुखवटा काढ. आणि इथे विल्यम्स काय करतो, तर तोच मार्च वाजवतो. पण ना ढोल, ना ट्रम्पेट. अगदी वरच्या पट्टीतली पातळ व्हायोलिन्स. मग बासरी, हॉर्न. आणि शेवटी फक्त हार्प, एकेक तार, मधे मोठी जागा सोडत. तेच सूर. तीन वेळा सा, मग खाली. पण आता ती तीन पावलं नाहीत, तीन श्वास आहेत.

आई बाहेर आली. दोन्ही हात कणकेचे. म्हणाली, "हे त्याचंच ना गं? मग असं का वाजतंय, आजारी असल्यासारखं?"

तिने तोवर पडदा बघितलाही नव्हता. मग बघितला. मुखवटा निघाला, आत एक पांढराफटक म्हातारा. आई म्हणाली, "अगंबाई." आणि उभीच राहिली. सिनेमा संपेपर्यंत हलली नाही, कणीक सुकली हातांवर.

रात्री जेवताना तिने अण्णांचं सांगितलं. अण्णा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. मी त्यांना फार थोडं पाहिलंय. घरात त्यांचा दरारा असा, की अंगणात कोल्हापुरी चपलांचा कर्रकर्र आवाज आला की पाचही भावंडं जिथे असतील तिथे गप्प. पुस्तक उलटं धरलेलं असलं तरी चालेल, पण तोंड पुस्तकात. आई म्हणाली, शेवटच्या आजारपणात तिने त्यांना सांभाळलं तेव्हाही त्याच चपला होत्या. फक्त आता त्या फरशीवर घासत यायच्या. मधेच थांबायच्या. "आणि मला इतक्या वर्षांची सवय," ती म्हणाली, "की आवाज आला की आधी पोटात गोळा यायचा. मग कळायचं की अरे, यांना पाणी हवंय."

तिचं आणि अण्णांचं बरंच काही होतं. शिक्षण अर्धवट सोडायला लावलं होतं त्यांनी तिला. त्याबद्दल ती त्या रात्रीही काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्या त्या डब्याच्या पोराने बरं केलं. तोंड बघून घेतलं."

मी तिला सांगितलं नाही की हे संगीत लंडनमध्ये वाजवलंय, की याला लाइटमोटिफ म्हणतात. तिला गरज नव्हती. माझ्या टीममेटला मात्र हेच सांगायचंय. तो हार्पवरचा अर्धा मिनिट सुटा काढून कुणाला ऐकवला तर गोड, साधा, झोपायच्या प्लेलिस्टमधला वाटेल. त्याचं सगळं वजन आधी वाजलेल्या मार्चमध्ये आहे, त्या ढोलांत. आधी घाबरल्याशिवाय इथे रडू येत नाही.

[पाणी पिते]

आणि विल्यम्स तिथेही थांबला नाही. १९९९मध्ये 'द फँटम मेनेस' आला. यात तोच वेडर नऊ वर्षांचा मुलगा आहे, अ‍ॅनाकिन. त्याच्यासाठी 'अ‍ॅनाकिन्स थीम' नावाचा ट्रॅक आहे. निरागस, मऊ, लाडका. शेवटाकडे कान द्या. लाडक्या चालीच्या शेपटीला इम्पीरियल मार्चचे सूर हळूच चिकटलेले आहेत. कुणी मुद्दाम दाखवत नाही. पाळण्याशेजारी कुणीतरी येऊन उभं राहावं तसं.

हाच सिनेमा मराठी माणसासाठी आणखी एका कारणाने खास आहे. 'ड्युएल ऑफ द फेट्स'. दोन जेडाय विरुद्ध लाल-काळ्या तोंडाचा डार्थ मॉल, आणि मागे लंडन व्हॉइसेसचा अख्खा कोरस गर्जतोय. कुठल्या भाषेत? संस्कृत!

मी दहावीला संस्कृत घेतलं होतं. का, तर स्कोरिंग. मार्कही पडले. तर हे कळल्यावर मी अत्यंत आत्मविश्वासाने हेडफोन लावून, वही घेऊन बसले. धातू ओळखणार, विभक्ती लावणार. एक अक्षर कळलं नाही. बाबांना ऐकवलं. ते म्हणाले, "उच्चार बघ यांचे," आणि विषय संपवला.

त्यामागची गोष्ट अशी. 'काड गोद्याय' नावाची एक जुनी वेल्श कविता आहे, झाडांच्या लढाईची. रॉबर्ट ग्रेव्ह्ज या कवीने तिचा इंग्रजी अवतार त्याच्या 'द व्हाइट गॉडेस' या पुस्तकात दिलाय. विल्यम्सला त्यातल्या काही ओळी आवडल्या, पण इंग्रजीत गायला नको होत्या. मग त्यांचं संस्कृत करून घेतलं. आणि त्यातले शब्द त्याने अर्थाच्या क्रमाने नाही, आवाजाच्या हिशोबाने लावले. कुठे आघात हवा, कुठे लांब स्वर हवा, त्याप्रमाणे. वेल्श, इंग्रजी, संस्कृत आणि मग लंडनचे गायक, एवढा प्रवास झाल्यावर शब्दरूपावली काय करणार बिचारी.

यावर माझं मन अजून दोन ठिकाणी आहे, खरं सांगते. एक भाग म्हणतो, वा, आपली भाषा, अख्ख्या जगाच्या थिएटरात. दुसरा भाग म्हणतो, थांब, तिला इथे भाषा म्हणून कुठे घेतलंय? 'काहीतरी प्राचीन आणि गूढ' अशा वासासाठी घेतलंय, अगरबत्तीसारखी. मग तिसरा भाग म्हणतो, आपण तरी काय वेगळं करतो? छातीवर काय छापलंय हे न वाचता इंग्रजी टी-शर्ट घालून लग्नाला जातो. वाद घाला कमेंटमध्ये. पण ट्रॅक म्हणून तो जबरदस्त आहे, यात मला शंका नाही. तारवाद्यांचा तो न थांबणारा चक्रीसारखा पॅटर्न, त्यावर कोरसचे घाव. आणि लढाईच्या मधे लाल पडदे बंद होतात, संगीत एकदम गप्प होतं, एक जण गुडघे टेकून ध्यान करतो, दुसरा पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझाऱ्या घालतो. ती शांतताही संगीतातच धरा.

बाकीचं भरभर. 'कँटिना बँड': परग्रहवासीयांनी आपला १९३०च्या दशकातला स्विंग जॅझ सापडल्यावर वाजवला तर कसा वाजेल, अशी कल्पना. सॅक्सोफोन, कॅरिबियन स्टील ड्रम, धमाल. याच संगीताचं मेको नावाच्या माणसाने डिस्को करून १९७७मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिला नंबर गाठला, ते ऐका आणि हसा. 'योडाज थीम': तीव्र मध्यमाची झाक आहे, कल्याण अंगाचे राग ऐकणाऱ्या कानाला ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं होतं. 'अ‍ॅक्रॉस द स्टार्स': २००२च्या 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मधली प्रेमाची थीम. त्या सिनेमातले प्रेमाचे संवाद इतके भयाण आहेत की ते प्रेम खरं आहे हे फक्त ऑर्केस्ट्रावरून समजतं. नट बोलायचे थांबले की बरं वाटतं. 'रेज थीम', २०१५: उशिरा आलेल्यांतली माझी सगळ्यात लाडकी. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाने इतकं कुतूहलाने भरलेलं, इकडेतिकडे बघत चालणारं काही लिहावं!

एक माहिती, तुलना करून ऐकणाऱ्यांसाठी. पहिले सहा सिनेमे, म्हणजे १९७७ ते २००५पर्यंतचे, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलेत. शेवटचे तीन लॉस एंजेलिसला रेकॉर्ड झाले, वेगळे वादक. फरक ऐकू येतो का? मला ब्रासमध्ये येतो. लंडनचं ब्रास घुसतं, लॉस एंजेलिसचं बसतं. हे अर्थात माझ्या कानांचं मत, हेडफोनची किंमत दोन हजार.

जानेवारी २०२०मध्ये विल्यम्सने व्हिएन्ना फिलहार्मोनिकसोबत मैफल केली. म्हणजे युरोपातल्या सगळ्यात कर्मठ घराण्याचा दिवाणखाना समजा. आणि 'इम्पीरियल मार्च' वाजवायचा हट्ट धरला तो तिथल्या वादकांनीच. रेकॉर्डिंग उपलब्ध आहे. त्यात वाजवणाऱ्यांचे चेहरे बघा, गणपतीत ढोल पथकात पहिल्यांदा ढोल बांधलेल्या पोरांसारखे आहेत.

आता जाता जाता एक होमवर्क. 'द फँटम मेनेस'चा शेवट. युद्ध जिंकलंय, रस्त्यावर मिरवणूक, फुलं, लहान मुलं गातायत. ट्रॅकचं नाव 'ऑगीज ग्रेट म्युनिसिपल बँड'. आधी 'रिटर्न ऑफ द जेडाय'मधली सम्राटाची थीम ऐका, ती खर्जातल्या पुरुषांच्या आवाजातली, शब्द नसलेली, अंधाऱ्या तळघरासारखी. दोन-तीन वेळा ऐका, तोंडात बसेपर्यंत. मग ती मिरवणूक लावा आणि त्या लहान मुलांच्या चालीवर लक्ष ठेवा. मिरवणुकीत, पहिल्या ओळीत, हसत उभा असलेला तो नवा नेता कोण आहे तेही बघून ठेवा.

सापडलं तर मला व्हॉइस नोट पाठवा. गुणगुणून पाठवलीत तर पुढच्या भागात वाजवेन, तुमचा कॉपीराइट कुणी मागत नाही. चला, भेटू पुढच्या शनिवारी.